चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी दुसरं व्हीएमसी घ्यावं का?

स्पिंडल_भोसरी
मंडळी, भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, सध्या एकाच शिफ्टमध्ये चालतं. गिऱ्हाइकं दहा-बारा, सगळी छोटी: पॅकेजिंग मशीनवाले, पंपवाले, दोन टूलरूम. प्रत्येकाचा जॉब वेगळा, त्यामुळे सेटिंगमध्ये, म्हणजे पुढचा जॉब मशीनवर लावण्यात, निम्मा दिवस जातो. पण पैसे महिन्याभरात येतात. आता चाकणच्या एका ऑटो-पार्टवाल्यांकडून विचारणा आली आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग (बाहेरचं कवच), दर महिन्याला ठरलेलं शेड्यूल, तासाला 450 रुपये, पेमेंट 90 दिवसांनी. त्यासाठी 35 लाखांचं कर्ज काढून दुसरं मशीन घ्यावं लागेल. घरचे म्हणतात, कायमचं काम चालून आलंय, सोडू नकोस. धंदा वाढवायचा तर हा रस्ता बरोबर आहे का?

जुना_टर्नर
आधी तासाचा हिशेब मांडा, गिऱ्हाईक मोठं की छोटं हे नंतर बघू.

35 लाख, 10 टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता 74 हजारांच्या आसपास. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, 44 हजार धरा. भाड्याचा वाटा, लाईटबिल, टूल, कूलंट मिळून 50 हजार. झाले 1 लाख 68 हजार. महिन्याचे 25 दिवस, दोन शिफ्ट, म्हणजे 400 तास. त्यातले प्रत्यक्ष कटिंगचे 280 मिळाले तरी चांगलं म्हणायचं. बाकी वेळ सेटिंग, इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं) बदलणं, पहिला पीस तपासणं यात जातो. तास पडला 600 ला. एकच पार्ट असल्यामुळे सेटिंग वाचेल, मान्य. अगदी 360 तास मशीन चाललं तरी 467. तुमच्या हाती काय उरलं? आणि ते 90 दिवस म्हणजे साडेचार-पाच लाख रुपये कायमचे बाहेर. जीएसटी मात्र पैसे आले नसले तरी तुम्हाला पुढच्या महिन्यात भरायचाच आहे.

2019 च्या वाहन उद्योगातल्या मंदीत आमच्या अशाच एका गिऱ्हाइकाने शेड्यूल निम्म्यावर आणलं. बँकेचा हप्ता काही निम्मा होत नाही. तेव्हा आमचं शेड चालू राहिलं ते डेअरी आणि फार्मा मशिनरीवाल्यांच्या बारीकसारीक कामांवर.

सेटिंगमध्ये निम्मा दिवस जातो असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळा धंदा तिथेच दिसतोय. परत परत येणाऱ्या प्रत्येक जॉबचे सॉफ्ट जॉ (पार्टच्या आकाराचे पकडीचे जबडे) वेगळे ठेवा, त्यावर ड्रॉइंग नंबर पंच करा. प्रोग्रामसोबत टूल लिस्ट आणि क्लॅम्पिंगचा मोबाइलवर काढलेला फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढचा जॉब मशीनवर चढण्याआधी त्याची टूल्स होल्डरमध्ये लावून, लांबी मोजून ट्रॉलीवर तयार हवीत. यातला बहुतेक खर्च शिस्तीचा आहे, पैशाचा कमी. सेटिंग निम्म्यावर आलं की आहे त्याच मशीनवर दिवसाचे दोन तास सुटतात. वर दुसरी शिफ्ट लावा. ती भरून वाहायला लागली की मग बँकेत जा.

आणि कामं निवडताना जे चार जणांना नकोसं वाटतं ते घ्या. आमच्याकडे एसएस 316 (स्टेनलेस स्टील) चं पंपाचं कव्हर येतं, बोअरला (आतल्या भोकाला) 20 मायक्रॉनची टॉलरन्स, म्हणजे मापात तेवढाच फरक चालतो. प्रत्येक पीसवर नंबर टाकतो, बोअर गेजची तीन ठिकाणची रीडिंग त्या नंबरासमोर लिहून तो कागद पेटीतच ठेवतो. त्यांचा इन्स्पेक्टर आता आमचा माल परत मोजत नाही, पेटी थेट असेंब्लीला जाते. मध्यंतरी त्यांना दुसरीकडून कमी दराचं कोटेशन आलं होतं, तरी काम आमच्याकडेच राहिलं.

ताळेबंद
दरावर दादांनी लिहिलंच आहे, मी फक्त 90 दिवसांबद्दल बोलते. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? नसेल तर आजच करा. सरकारी पोर्टलवर ते फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमईडी कायदा 2006 च्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर कलम 16 खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून मायक्रो आणि स्मॉल युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. त्यामुळे मार्चएंडला त्यांचे अकाउंट्सवालेच तुम्हाला शोधत येतात. त्यांची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) नोंदणी त्यांना बंधनकारक आहे. तिथे बिल त्यांनी मान्य केलं की बँक तुम्हाला व्याज कापून लगेच पैसे देते. पीओ (खरेदीची ऑर्डर) घेण्याआधी हे सगळं विचारा. वसुलीसाठी भांडण्यापेक्षा सुरुवातीलाच अट घालणं केव्हाही सोपं.

स्पिंडल_भोसरी
ताई, दादा, मनापासून आभार. उद्यम आहे माझं. आज पर्चेसवाल्यांशी बोललो. 45 दिवसांना लगेच हो म्हणाले, दर मात्र 450 च म्हणतात. 200 पीसचा सॅम्पल लॉट द्यायला तयार आहेत. घेऊ का?

जुना_टर्नर
घ्या, पण आहे त्याच मशीनवर, दुसऱ्या शिफ्टमध्ये. मटेरियल त्यांचं, फिक्स्चरचे (पार्ट मशीनवर पकडून ठेवणाऱ्या साच्याचे) पैसे वेगळे, आणि रिजेक्शन किती टक्के चालेल ते लेखी घ्या. लोडिंग-अनलोडिंग, डीबरिंग (कडा साफ करणं) धरून सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, मोजा आणि कोटेशन पीसवर द्या. तासाच्या दरावर अडून बसलेले पर्चेसवाले पीसच्या दरावर बऱ्याचदा मोकळेपणाने बोलतात. तुम्ही सायकल दोन मिनिटांनी खाली आणलीत तर तो फायदा तुमचा राहतो. गुरुवारच्या सुट्टीला मी शेडवरच असतो. ड्रॉइंग घेऊन या, फिक्स्चर दोन पीसचं बसतंय का ते बघू.