कुंदाची जादू खाडीपलीकडे चालावी का?

चरईची_मावशी
मंडळी, कादंबरी लिहितेय. आजच्या ठाण्यातली, पण जादू असलेली. नायिका कुंदा, वय 34, पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाली. रात्री-पहाटे गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. आपल्या तलावांत साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, अजून राहतात आणि त्यांचं फक्त हिच्याशी जमतं. मासुंद्यातली थोरली बोटिंगवाल्यांना वैतागलेली. कचराळीतलीला पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पा ऐकून अख्ख्या शहराच्या भानगडी पाठ. उपवनची येऊरच्या बिबट्यांशी संधान बांधून आहे. कुंदाने हाक मारली की पाणी येतं. नळाला नसलं तरी येतं.

भाचीला पहिली काही प्रकरणं दिली. ती इंग्रजीतल्या असल्या कादंबऱ्या रात्र-रात्र वाचते. म्हणाली, "मावशी, ही जिंकणार हे तिसऱ्याच पानावर कळतं." तिचं म्हणणं पटतही नाही आणि डोक्यातून जातही नाही.

तर कुंदाची ताकद कुठे संपावी? खाडी ओलांडून नवी मुंबईत ऐरोलीला गेली की जादू बंद, असं मनात आहे. पण का बंद? 'खाडीचं पाणी खारं' हे कारण फारच शाळकरी. शिवाय कळवाही खाडीपलीकडेच, आणि तेही ठाणंच.

रात्रपाळीचा_वाचक
तिला लेदर जॅकेट नाही ना घातलंत? मे महिन्यात राम मारुती रोडवर उकडून मरेल बिचारी.

त्या कादंबऱ्यांतली बाई बहुतेकदा एकटी असते, जीभ धारदार, जुनी जखम एखादी, मागे एक रक्तपिपासू आणि एक लांडगामाणूस लागलेला. पोलीस तिचं ऐकत नाहीत, म्हणून तिला स्वतः हाणामारी करावी लागते. तुमच्या कुंदाला वरिष्ठ आहेत, हजेरी आहे, पगार कापला जायची भीती आहे. मला हेच जास्त आवडलं. पहाटे 4 वाजता एकटी बाई हातात लोखंडी चावी घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीच्या शिव्या ऐकते आणि तरी व्हॉल्व्ह वेळेवरच बंद करते, यापेक्षा कणखर काय दाखवणार?

जादूची किंमत मात्र घ्याच. जितकं पाणी बोलावेल तितकं तिच्या स्वतःच्या घरी येणार नाही. घरात सासू आणि बादल्या असू द्या.

घणसोलीची_लेक
ताई, आसरा म्हणजे हाकेला धावणाऱ्या कामवाल्या नव्हेत. त्या मान घेतात. हिरव्या बांगड्या, खण, हळद-कुंकू, दहीभात. आणि सातजणी एकत्र असतात. तुम्ही एकेकीला एकेक तलाव वाटून दिलात, हे मला खटकलं.

आता खाडीचं. नवी मुंबई वसवायला सिडको 1970 साली आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, शेतांचे सेक्टर झाले. गावदेवी मात्र जागच्या जागीच आहेत आणि त्यांच्या वेशीही. कुंदा आमच्याकडे आली की आधी नारळ द्यावा लागेल, परवानगी मागावी लागेल. न विचारता पेलाभर पाणी जरी बोलावलं तरी गावदेवी गप्प बसणार नाही. तिथे नुसती रेघ नको, समोर कुणीतरी उभं पाहिजे. तुमची भाची पुढचं पान उलटेल की नाही बघा.

जुना_चावीवाला
पाणीखात्यात केस पांढरे झाले म्हणून लिहितो. तुमचं उत्तर नळात आहे. ठाण्याचं स्वतःचं पाणी भातसा नदीचं. पिसे बंधाऱ्याला उचलतात, टेमघरला शुद्ध होतं. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं येतं ते उल्हास नदीचं. कळवा-मुंब्रा-दिव्याला एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं. नवी मुंबईचं मोरबे धरण तर पार खालापूरकडे. भातशाच्या पाण्याशी ओळख असलेल्या बाईला मोरब्याचं पाणी कशाला ओळख देईल?

दुसरं, गळती कशी शोधतात ते घाला. रात्री रहदारी थांबली की लोखंडी गजाचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला. पाणी कुठे फुटतंय ते ऐकू येतं. पाइप पुरलेला, वर डांबर, तरी कळतं. नवीन पोरांना महिनोन् महिने काहीच ऐकू येत नाही.

चरईची_मावशी
काका, त्या गजासाठी अख्खं प्रकरण नव्याने लिहिणार! आसरा तिच्याशी बोलतील ते त्या गजातूनच. कळव्यात बारवीचं पाणी तिचं ऐकेल, पण कुरकुरत आणि अर्धवट. ऐरोलीत साफ नाही.

घणसोलीताई, गावदेवी घेतली. पण सातजणी वेगळ्याच ठेवणार. तलाव बुजत गेले, त्यांना पांगावं लागलं, आणि दिवाळी पहाटेला तलावपाळीवर पोरापोरींची तुडुंब गर्दी असताना त्या पहिल्यांदा एकत्र येतात. कुंदाचा वैरी खवीस, त्याच्याशी तिथेच गाठ. बादल्यांचं पटलं, सासूचं बघते.

काका, अजून एक. 24 तासांचं शटडाऊन असतं तेव्हा कुंदा काय करेल? घरी बसेल?

जुना_चावीवाला
घरी कसली बसते! शटडाऊनला सगळे खड्ड्यात उतरलेले असतात. खरी भीती त्यानंतरची. रिकाम्या लाइनीत हवा भरलेली असते. पाणी हळूहळू सोडायचं आणि एअर व्हॉल्व्हमधून हवा आधी बाहेर काढायची. घाई केली की पाइप फाटतो. खवीस लपायला तुम्हाला याहून चांगली जागा मिळायची नाही.