होळीनंतर धबधबा आणि तळं एकाच दिवसात जमेल का? (जालन्याहून)

जुनाजालना

नमस्कार मंडळी. होळी झाली की पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन सकाळी निघून रात्री परत येईल असं कुठंतरी जायचा विचार करायलोय. मी, बायको, दोन लेकरं (थोरली सातवीत, धाकटा तिसरीत) आणि वडील. लेकरांनी धबधब्याचं डोक्यात घेतलंय, बायकोला तळ्याच्या काठानं निवांत चालायचंय, आणि वडलांचे गुडघे दुखतात पण ते घरी थांबायला तयार नाहीत. दोन-तीन तास पायी फिरणं चालेल, मोठा ट्रेक नको. मी सौताड्याचं ठरवत होतो पण हापिसातला एकजण म्हणाला की आता तिथं नुसता कडा दिसंल. खरंय का? आणि तसं असेल तर मार्चमध्ये आपल्या भागात वाहतं पाणी बघायला मिळंल अशी जागा आहे तरी का कुठं? गाडी घरची आहे.

बालाघाटी

तुमच्या हापिसातला माणूस बरोबर बोलला. मी बीडचा आहे, सौताड्याचं मला लई कौतुक आहे, विंचरणा नदी त्या कड्यावरून खाली दरीत पडते आणि खाली रामेश्वराचं देऊळ, ऑगस्ट-सप्टेंबरात ते बघितल्यावर कुणी मराठवाड्याला कोरडा म्हणणार नाही. पण होळीनंतर तिथं लेकरांना नेलं तर हिरमोड होणार. सहस्रकुंडचंही तसंच, पैनगंगेला पाणी असलं तर ते रूप, नाहीतर काळा खडक. अजिंठ्याच्या सातकुंडाला वाघूर नदी पावसाळ्यात धबाधबा पडते, मार्चमध्ये खाली कुंडात साचलेलं तेवढं दिसतं.

आपल्याकडं पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि खाली बेसाल्टचा काळा पत्थर, पाणी धरून ठेवणार कुठं. त्यामुळं नदीचा धबधबा म्हणजे जून ते फारतर दिवाळी असं समजून चाला. देव-दर्शन आणि दरी बघायची म्हणून या, वडलांना बरं वाटंल, पण "धबधबा" म्हणून लेकरांना सांगून आणू नका.

कन्नडचा

गौताळ्याला या की! गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, कन्नडपासून जवळच. जंगलात गौताळा तलाव आहे, सीता न्हाणी आहे, धवलतीर्थ आहे. धवलतीर्थाचा धबधबा यावेळी नसणार हे वर बालाघाटींनी सांगितलंच, पण फाल्गुनातलं जंगल बघण्यासारखं असतं, पानं झडलेली असतात त्यामुळं लांबपर्यंत नजर जाते, पळस आणि काटेसावर नुसती लालभडक, आणि पाणी कमी झाल्यामुळं जनावरं-पक्षी तलावाकडं येतात. फक्त कड्यांना आग्यामोहोळं असतात, लेकरांना दगड मारू देऊ नका, अत्तर-बित्तर लावून येऊ नका. जालन्याहून जरा लांब पडंल, पहाटे निघावं लागंल.

पूर्णाकाठ

दादा, तुम्ही जालन्यात राहून लोणार कसं विसरलात? जिल्हा बुलढाणा, म्हणजे कागदावर विदर्भ, पण मंठ्याच्या माणसाला लोणार म्हणजे शेजारचं गाव. मंठ्यावरून गेलात तर जालन्यापासून ९० किलोमीटरच्या आसपास.

तुम्हाला जे तिन्ही पाहिजे ते तिथं एका जागी आहे. सरोवराच्या खड्ड्याच्या वरच्या कडेला, गावाच्या बाजूला धार आहे, गोमुखातून पाणी पडतं आणि ते बारा महिने पडतं. मार्चमध्ये पडतं, मे महिन्यात पडतं, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेल्यावरसुद्धा लोक तिथं येऊन उभे राहतात. मोठा धबधबा नाही हे आधीच सांगतो, कोकणातल्यासारखं अंगावर तुषार वगैरे नाही, पण एकसारखी धार, खाली दगडी कुंड, पायऱ्या, बाजूला देवळं आणि गारवा. उन्हातून आल्यावर त्या ओल्या दगडावर पाय ठेवला ना की लेकरं धबधबा विसरतील.

ते पाणी नदीचं नाहीच म्हणून आटत नाही. आजूबाजूच्या पठारावर मुरलेला पाऊस बेसाल्टच्या थरांमधनं, भेगांमधनं हळूहळू सरकत असतो, आणि तिथं उल्का पडून जमिनीला मोठा खड्डा पडलाय त्यामुळं ते थर मध्येच उघडे पडलेत, मग आतलं पाणी तिथून बाहेर येतं. वरचा पाऊस थांबला तरी आतला प्रवास चालूच असतो. मी म्हणतो मराठवाड्यात राहणाऱ्यानं होळीनंतर धबधबे शोधूच नयेत, झरे शोधावेत. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी देवळं, बारवा, कुंडं जिथं बांधली तिथं बघा, बहुतेक ठिकाणी खालून पाणी आहे म्हणूनच बांधली.

आता चालण्याचं. धारेपासून खाली सरोवराकडं वाट उतरते, वाटेत झाडीत जुनी पडकी देवळं लागतात. खड्ड्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आणि खोली १३७ मीटर, म्हणजे उतरायला सोपं पण परत वर येताना दम लागतो. वडलांना खाली नेऊ नका. त्यांना धारेजवळ सावलीत बसवा, तिथून खालचं सरोवर पूर्ण दिसतं.

खाली मात्र सगळं वेगळंच. आधी साग आणि इतर झाडी, मग काठाजवळ वेडी बाभूळ, मोर ओरडत असतात, वानरं असतात (हातात खायचं ठेवू नका). आणि एकदम पाणी दिसतं, हिरवट, जाड वाटणारं, वास येतो जरा उग्र, लेकरं नाक धरतील. वरची धार गोड आणि खालचं तळं खारट. काठावर कमळजा देवीचं देऊळ आहे, पण गेल्या काही वर्षांत सरोवराचं पाणी वर चढलंय त्यामुळं काठानं देवळापर्यंतची वाट उघडी आहे का ते त्या दिवशी वनखात्याच्या माणसाला गेटवरच विचारा. सासू-सुनेची विहीर पण तिथंच, पाणी चढलेलं असलं की ती दिसत नाही.

जुनाजालना

लई धन्यवाद पूर्णाकाठ, हे डोक्यातच आलं नव्हतं. लहानपणी शाळेच्या सहलीत गेलो होतो ते फक्त वरून बघून आलो. दोन शंका. एक म्हणजे त्या पाण्यात लेकरांनी हात घातला तर काही होतं का? आणि दुसरं, समृद्धीवरून जावं का मंठ्यावरून?

शाळामास्तर जिंतूर

पाण्याबद्दल मी सांगतो, आमच्या शाळेची सहल तिथं जाते. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, म्हणजे आंबटाच्या उलट, पीएच (हे मोजायचं माप, शुद्ध पाण्याचा ७) १०च्या आसपास. बोट लागलं तर काही होत नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं, पण डोळ्यात जाऊ देऊ नका आणि तोंडात तर नाहीच. खरी काळजी पाण्याची नाही, काठच्या चिखलाची. वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की घोट्याच्या वर आत जातो. लेकरांना मोकळं पाण्याजवळ सोडू नका.

तुमची सातवीतली मुलगी आहे ना, तिच्यासाठी एक करा. आदल्या दिवशी घरी हळद थोड्या पाण्यात कालवून साध्या कागदाला लावा, वाळू द्या, पट्ट्या कापून डबीत ठेवा. आधी धारेच्या पाण्यात एक पट्टी भिजवायची, ती पिवळीच राहते. मग खाली गेल्यावर लांब काडीच्या टोकाला दुसरी पट्टी बांधून सरोवराच्या पाण्यात बुडवायची. पिवळीची लाल होते, कुंकवासारखी, बघता बघता. मुलांना पीएच म्हणजे काय हे फळ्यावर कितीही वेळा सांगा, तिथं एका पट्टीत कळतं. एकच पाऊस, तोच वरून आला तर गोड आणि तळात साचून राहिला तर असा, कारण सरोवरातून बाहेर जायला वाट नाही, पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागं राहतात. पट्ट्या तिथं टाकू नका, परत आणा, अभयारण्य आहे ते. आणि २०२० सालच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते सुद्धा सांगा, पाणी कमी होऊन खारटपणा वाढला तेव्हा मीठ सोसणारे सूक्ष्मजीव वाढले, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं होतं. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली.

पैठणी वाट

धबधब्याचा हट्ट सुटला तर नाथसागराकडं पण बघा कधीतरी. जायकवाडीच्या फुगवट्याच्या उथळ काठांना हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, मार्चपर्यंत काही थांबलेले असतात. दुर्बीण पाहिजे, आणि सकाळीच. चालायला सपाट त्यामुळं वडलांनाही जमंल. पण धार वगैरे नाही तिथं, हे खरं.

पूर्णाकाठ

मास्तर, हळदीचं भारी सांगितलंत, आमच्या पुतण्याला पण करायला लावतो.

रस्त्याचं: समृद्धीवरून मेहकरला उतरून मागं या, वेळ कमी लागंल, टोल लागंल. पण वडील सोबत आहेत तर एका बाजूनं सिंदखेडराजावरून जा असं मी म्हणीन, जिजाऊंचं जन्मस्थान आहे, राजवाडा बघायला अर्धा तास पुरतो आणि त्यांना समाधान वाटंल. येताना मंठ्यावरून. दुचाकीवाले कुणी वाचत असतील तर समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, उगाच टोलनाक्यावर जाऊन परत फिरू नका.

वेळेचं मात्र कडक पाळा. सकाळी आठच्या आत धारेवर, लगेच खाली उतरा, साडेदहाच्या सुमारास वर चढायला लागा. मार्चमध्ये दुपारी पारा ३५च्या वर असतो आणि त्या खड्ड्यात वारा लागत नाही, चढताना लेकरं कोमेजतात. पाणी माणशी दोन लिटर तरी, टोप्या, बूट (चप्पल नको, वाटेत काटे आहेत). खाली काही मिळत नाही. वर आल्यावर धारेच्या सावलीत दशम्या-चटणी खायची, मग गावातलं दैत्यसूदन मंदिर. ते घाईत बघू नका, भिंतीवरच्या एकेका मूर्तीपाशी थांबावं असं काम आहे, आणि आत दुपारचं गार असतं. लवणासुराची गोष्ट वडीलच सांगतील लेकरांना. कुंडात उतरू देतात का ते तिथं विचारून घ्या, आणि कृपा करून साबण-शाम्पू कुणी नेऊ नका. ती धार थेट खाली सरोवरातच जाते, आपण वर जे टाकतो ते सगळं खाली साचतं आणि बाहेर निघायला वाट नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं, एवढी जगात नाव असलेली जागा आपल्या शेजारी आणि आपलीच माणसं तिथं पुड्या टाकून येतात.

जुनाजालना

ठरलं मग, लोणारच. जाताना सिंदखेडराजा पाच मिनिटं उभ्या-उभ्या, नाहीतर आठला पोचणं होत नाही, राजवाडा येताना बघू. म्हणजे येतानाही मंठ्यावरून न येता तिकडूनच. वडलांना सांगितलं, ते आत्ताच काठी शोधायला लागलेत. कन्नडचा, गौताळा श्रावणात नक्की करणार.

परभणीवाली

मधेच विचारते, परभणीहून हेच एका दिवसात होईल का? आम्ही चार मैत्रिणी, सगळ्यांना चालायची सवय आहे.

शाळामास्तर जिंतूर

होईल ताई. परभणी-जिंतूर-चारठाणा-मंठा-लोणार असं या. चारठाण्याला रस्त्यालगत गावात जुनी देवळं आणि दीपस्तंभ आहे, पण ते परतीला ठेवा, उन्हं उतरल्यावर. सकाळी पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत खाली जाऊन याल. चालायची सवय आहे म्हणता तर खाली उतरण्याआधी वरच्या कडेनं थोडं फिरा, पूर्ण गोल दिसतो. आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खाली थांबू नका, बिबट्याचा वावर आहे त्या झाडीत.