परड्यात नाहीतर फडात पिल्लू सापडलं तर

ऊसतोड सुरू झाली की साताऱ्या-सांगलीकडे कुठे ना कुठे बिबट्याचं पिल्लू सापडतं. उन्हाळ्यात परड्यात खारी, पावसाच्या तोंडाला नदीकाठी मगरी. हे काम हाताखालून गेलेल्यांनी आपापल्या भागातून लिहिलेलं खाली आहे. किस्से नकोत, काय करायचं तेवढंच.

ऊसतोड, कराड भाग
बिबट्याचं पिल्लू दिसलं की त्या सरीतले कोयते थांबवा आणि आलेल्या वाटेनंच माणसं मागं घ्या. मादी चार सऱ्यांपलीकडे दबून बसलेली असू शकते. मग वनखात्याला फोन, १९२६. गाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडलेत का, किती वाजता दिसली एवढं एका दमात सांगा.

पुढचं काम वनखात्याचं, पण शेतकऱ्याला माहीत असलेलं बरं. डॉक्टर पिल्लं तपासतात. ती ठीक असतील तर भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये खाली पाचट पसरून, दिवस मावळायच्या आत सापडली त्याच जागी ठेवतात. वर झाकण हलकं, मादीनं पंज्यानं ढकललं की सरकेल असं. लांबून कॅमेरा लावतात.

मादी एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते, त्यामुळे तीन पिल्लं असली तर तीन खेपा, कधी दोन रात्रीही लागतात. सकाळी एक उरलेलं दिसलं म्हणून "आईनं टाकलं" असं ठरवू नका. फसतं ते माणसांमुळं: बांधावर बॅटऱ्या, ट्रॅक्टरचे दिवे, व्हिडिओ काढायला आलेली पोरं. त्या रात्री शेजारच्या रानातलं पाचट पेटवायचं नाही आणि क्रेटभोवतीचा ऊस एक-दोन दिवस उभा ठेवायचा. कारखान्याची गाडी थांबते, मुकादम कुरकुरतो, पण तेवढं सोसावं लागतं.

ओळख पटवताना, शिराळा
सापडलेलं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. बिबट्याचे कान गोल, पंजे जाड, शेपूट लांब, अंगभर दाट ठिपके. रानमांजराचे कान टोकदार, शेपूट आखूड, अंगावर फिकट पट्टे. वाघाटी तर पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपासच, ठिपके तांबूस, कपाळावर पांढऱ्या रेघा. क्रेटची रीत तिघांनाही तीच. पाळायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

ससा
केसाळ, डोळे उघडे, एकटंच गप बसलेलं असेल तर ते ठीक आहे. आई दिवसातून एक-दोनदाच पाजायला येते, तीही अंधारात. हात लावू नका. कुत्रं बांधा.

खार, सांगली शहर
मीटरच्या पेटीतलं नाहीतर एसीमागचं घरटं साफसफाईत पडतं. उघडं गुलाबी पिल्लू आधी गार पडतं, म्हणून पहिल्यांदा ऊब, खाणं नंतर. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, खाली नको. वरून उघडं खोकं घरट्याजवळच्या झाडाला, सावलीत, कुत्र्या-मांजरांना पोचणार नाही इतक्या उंच टांगा. खार दिवसा हिंडते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत वाट पाहायची. माणसाचा वास लागला की आई घेत नाही, ही समजूत चुकीची आहे. खरा वैरी मुंग्या. दोरीला बोटभर जाड व्हॅसलीन फासा.

गाईचं दूध देऊ नका, हगवण लागते. मदत यायला उशीर असेल आणि पिल्लू ऊबदार झालं असेल, तरच कोमट ओआरएस (एक लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यात, अंदाजपंचे नाही), एक मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजनं, थेंब थेंब. पोट खाली, डोकं थोडं वर. उताणं धरून पाजलं की पाणी फुफ्फुसात जातं. नाकातून बुडबुडा आला की थांबा, डोकं खाली करा, नाक टिपा.

मगर, भिलवडीकडचा कृष्णाकाठ
मगरीचं पिल्लू जेमतेम फूटभर, पण चावतं. दुभंगलेली जीभ आतबाहेर करत असेल तर ती घोरपड. मगर असेल तर वर पाटी उपडी घाला, पाटीवर वीट. स्वतः नदीत सोडायला जाऊ नका, पिल्लांची आई काठालाच असते.

चावलं तर
मुंगूस असो, कोल्हा असो, खार असो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस (खार चावली असेल तर सहसा लागत नाही, पण डॉक्टरांनाच विचारा). रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचंही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. ते जखमेत टोचतात आणि दर वेळी आपणहून कोणी सांगेलच असं नाही.