ली नदीकाठचे चुनखडीचे डोंगर धुक्यात टिपताना

प्रश्न
मागील वर्षी चीनमधील ग्वेलिनजवळच्या शिंगपिंग गावी, २० युआनच्या नोटेमागे जे दृश्य छापलेले आहे तेथेच, दोन पहाटे उभा होतो. डोळ्यांना सुळक्यांच्या एकामागे एक अशा पाच-सहा रांगा स्पष्ट दिसत होत्या, परंतु छायाचित्रांत सारे एकसारखे करडे उतरले. संगणकावर डीहेझ (धूसरपणा कमी करणारी संपादनातील सोय) वाढवले, तर डोंगर काळे पडले आणि धुक्याचा मऊपणाच गेला. येत्या एप्रिलमध्ये पुन्हा जाणार आहे. माझे काय चुकले असावे?

प्रतिसाद १
करडेपणा प्रामुख्याने कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या मीटरमुळे आलेला असावा. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे पांढरे धुके त्याला प्रमाणाबाहेर उजळ वाटते आणि तो चित्र अंधारे करतो. एक्स्पोजर (चित्रात येणारा प्रकाश) दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकू न देता तिच्याजवळ न्यावा आणि चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्यावीत. धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून जवळच्या सुळक्याच्या ठळक कडेवर फोकस साधून तो मॅन्युअलवर कायम करावा. डीहेझ संपूर्ण चित्राला न लावता फक्त पुढच्या रांगेला, तेही अगदी थोडे लावावे. मागची रांग पुढचीपेक्षा फिकी असते म्हणूनच अंतर जाणवते, आणि तो फरक पुसला की चित्र सपाट होते.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र माझ्या मते जागा अधिक महत्त्वाची आहे. नदीकाठावरून पुढची रांग मागच्या रांगांना झाकते. जवळच्या शियांगगोंग टेकडीवर पायऱ्या चढून गेल्यास नदीचे वळण खाली दिसते आणि दऱ्यांत साचलेल्या धुक्यातून सुळके वर आलेले दिसतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा असल्याने आपल्याला रुंद चौकटीची सवय असते. येथे पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळून सुटे, उभे सुळके उरले आहेत, त्यामुळे दूरचे दृश्य जवळ आणणारी ७०-२०० मिलिमीटरची लेन्स अधिक उपयोगी पडते. रात्री पाऊस थांबून वारा पडला असेल, तर ती पहाट मुळीच चुकवू नये. सूर्य वर आल्यावर धुके फाटू लागते, आणि त्या थोड्या वेळातच सर्वांत सुंदर चित्रे मिळतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प धरते, त्यावर काय करावे?

प्रतिसाद २
कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून निघण्याच्या अर्धा तास आधी पिशवी बाहेर ठेवावी. काच वारंवार पुसू नये. बाहेरच्या तापमानाला आली की ती आपोआप निवळते.