साबण-ब्रशच्या दाढीसाठी वस्तरा घ्यावा की सेफ्टी रेझर?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून पाच पात्यांचे कार्ट्रिज वापरत आलो आहे. माझी दाढी दाट आणि राठ असून गळ्यावर, कंठमण्याच्या खालच्या बाजूला, केसांना भोवरा आहे. तिथे दाढी केल्यावर दुसऱ्याच दिवशी लाल पुटकुळ्या उठतात आणि काही केस बाहेर न येता त्वचेच्या आतच वळून वाढतात. त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक पात्यांचा रेझर सोडून एकाच पात्याने दाढी करून पाहण्याचा सल्ला दिला आहे.

त्यानुसार माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर धार लावायचा जुन्या पद्धतीचा वस्तरा, आणि दुसरा म्हणजे दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर. वस्तऱ्याविषयी मला मनापासून ओढ आहे, कारण एक वस्तू आयुष्यभर टिकावी आणि घरातून कचरा कमी निघावा असे मला वाटते. मात्र मी चिपळूणला राहतो. जून ते सप्टेंबर या काळात इथल्या हवेत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे पोलादाची धार कशी राखायची हे मला उमगत नाही. सकाळी हाताशी दहा-पंधरा मिनिटे असतात, आणि दाढी एक दिवसाआड होते. ज्यांनी दोन्ही साधने वापरली आहेत त्यांनी गळ्याच्या त्रासाच्या दृष्टीने आणि निगा राखण्याच्या दृष्टीने काय निवडावे ते कृपया सविस्तर सांगावे.

सहाण:

वाशिष्ठीकाठ, मी दोन्ही वापरतो आणि दोन्हींवर माझा जीव आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकत्र आले आहेत, आणि ते सुटे केले की निवड सोपी होते. धार आणि त्वचा यांच्यामध्ये संरक्षक पट्टी हवी की नको, हा पहिला. धार स्वतः राखायची की झिजलेले पाते टाकून नवे घालायचे, हा दुसरा. इतिहासातही या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी आल्या. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये संरक्षक पट्टी असलेला रेझर आणला, पण त्याचे पाते वस्तऱ्याच्या तुकड्यासारखे जाड होते आणि त्याला पट्ट्यावर धार लावावीच लागे. पातळ, स्वस्त, दोन्ही कडांना धार असलेले आणि झिजल्यावर टाकून देण्याचे पाते किंग कॅम्प जिलेट यांनी आणले, आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळाले. आपल्या सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा याच्या उलट बाजूला बसतो: त्याला पट्टी नाही, पण पाते मात्र टाकाऊ. म्हणजे पर्याय दोन नसून तीन आहेत.

आता गळ्याकडे येतो, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केसाला ओढते आणि तो मागे सरकण्याआधीच पुढचे पाते त्याला कापते, त्यामुळे केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते. केस कुरळा किंवा वळणाचा असेल तर वाढताना तो बाहेर येण्याऐवजी आतच रुततो. एकाच पात्याने हे पुष्कळ कमी होते, आणि इथवर वस्तरा आणि सेफ्टी रेझर सारखेच आहेत. मात्र पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वस्तरा चालवताना दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावीच लागते. ढिल्या त्वचेवर उघडी धार चालवणे धोक्याचे असते. ताणलेल्या त्वचेवर कापलेला केस, त्वचा सोडल्यावर पुन्हा थोडा आत जातो. ज्यांचे केस आत वळतात त्यांना त्वचा न ताणता, केसांच्या दिशेने, फार घोटून न काढता दाढी करायला सांगतात, त्याचे कारण हेच आहे. सौम्य सेफ्टी रेझरने हे पथ्य पाळता येते, वस्तऱ्याने ते कठीण जाते. केवळ तुमच्या गळ्याचा विचार केला तर माझे मत स्पष्टपणे सेफ्टी रेझरच्या बाजूने आहे.

धारेबद्दल थोडे सविस्तर सांगतो. केस हा पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरीही पाते बोथट होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे कारण मांडले. त्यांना असे दिसले की धार नुसती घासून गोल होत नाही. केस कापला जाताना वाकतो, आणि पोलादाच्या सूक्ष्म रचनेत जिथे फरक असतो अशा जागी तो कडेशी आला, तर धारेचा बारीकसा टवका उडतो. टाकाऊ पात्याच्या बाबतीत आपण चार-सहा दाढ्यांनंतर ते बदलतो आणि विषय संपतो. वस्तऱ्याच्या बाबतीत त्या धारेचे पालकत्व आपल्याकडे येते. प्रत्येक दाढीआधी पट्टा, आणि काही महिन्यांनी दगड. दगडही एक पुरत नाही. धार मुळातून बसवायची असेल तर १००० क्रमांकापासून सुरुवात करून ४०००, ८००० आणि शेवटी १२००० किंवा त्याहून बारीक दगडापर्यंत जावे लागते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली राहतात, त्यामुळे कोन आपोआप जमतो. हात हलका ठेवणे मात्र शिकावेच लागते. सायकलला चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा चुकूनही देऊ नका. सुरी-कात्रीसाठी त्याचे काम उत्तम असते, पण दोन्ही अंगांनी खोलगट तासलेले वस्तऱ्याचे पाते त्या चाकावर कायमचे वाया जाते.

कोकणातल्या पावसाळ्यात वस्तरा राखता येतो, पण हयगय चालत नाही. गंज चढतो तो आधी धारेवर, कारण पोलाद तिथेच सर्वांत पातळ असते. दाढी झाली की लगेच पाणी पूर्ण टिपून घ्यायचे, मुठीच्या दोन पट्ट्यांमधले पाणीसुद्धा, कापडी पट्ट्यावर काही फेरे द्यायचे, आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवून न्हाणीघराबाहेर, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा. खोबरेल तेल वापरू नये. ते कालांतराने खवट आणि चिकट होते. चामड्याचा पट्टाही अधूनमधून कोरड्या हवेत टांगावा, नाहीतर तुमच्या चपलांची गत त्याची होईल.

धोकटी:

आमचे साताऱ्यात सलून आहे आणि हा व्यवसाय घरात तीन पिढ्यांचा आहे. सहाण यांनी लिहिले ते बरोबर आहे. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याबद्दल मात्र थोडी भर घालतो, कारण तो स्वस्त असल्यामुळे बरेच जण ‘आधी त्यावर शिकू, मग खरा वस्तरा घेऊ’ असे म्हणतात.

आम्ही ब्लेड कागदाच्या वेष्टणासकट मधोमध वाकवून मोडतो आणि अर्धा भाग खाचेत सरकवतो. हे ब्लेड खऱ्या वस्तऱ्यापेक्षा अधिक तिखट लागते, वस्तरा वजनाला हलका असतो, आणि मोडलेल्या ब्लेडचे दोन्ही कोपरे टोकदार असल्यामुळे हनुवटीच्या वळणावर ते रुततात. खऱ्या वस्तऱ्याला स्वतःचे वजन असते आणि त्याची धार त्वचेवर सावकाश बोलते; अर्ध्या ब्लेडची धार चूक पोटात घालत नाही. दुसऱ्याची दाढी करायला तो चांगला, कारण समोरचा चेहरा आपल्याला पूर्ण दिसतो आणि हात मोकळा असतो. आरशात पाहून, डाव्या गालासाठी हात बदलून, स्वतःची दाढी त्याने करणे नवख्यासाठी सर्वांत अवघड आहे. आम्ही तो वापरतो त्याचे मुख्य कारण स्वच्छता हे आहे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी रक्तातून पसरतात हे कळल्यावर एकच वस्तरा सगळ्या गिऱ्हाइकांना वापरणे योग्य राहिले नाही, म्हणून प्रत्येकाला नवे ब्लेड. याच कारणाने घरातही वडील-मुलांनी किंवा भावाभावांनी एक वस्तरा किंवा एक पाते वापरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पट्ट्याबद्दल एक सांगतो. पट्टा ओढताना पाठ पुढे आणि धार मागे राहिली पाहिजे, आणि टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. पट्टा सैल धरला की तो मधे झोळ खातो आणि धार गोल होते. बरेचसे वस्तरे दाढीने बिघडत नाहीत, सैल पट्ट्याने बिघडतात. धार उतरली आहे का हे पाहायचे असेल तर वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरा: चांगली धार प्रकाश परत देत नाही, जिथे ती बोथट झाली असेल तिथे पांढरी रेघ चमकते.

राइनकाठ:

मी जर्मनीत, सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगन शहराजवळ राहतो, म्हणून फक्त खरेदीबद्दल लिहितो. पुढेमागे वस्तरा घ्यायचा झाला तर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारे नक्षीदार वस्तरे घेऊ नका. त्यातले बहुतेक दिसायला वस्तरे असतात, पण त्यांचे पोलाद धार धरत नाही, आणि नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला देत बसतो. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. सुरुवातीला पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, आणि टोक गोल असलेला घ्यावा. झोलिंगन हे नाव १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे जर्मनीत बनलेल्या अस्सल मालावर ते नाव असणे ही बऱ्यापैकी खात्री मानता येते. मात्र कारखान्यातून आलेला नवा वस्तराही पुष्कळदा दाढीला तयार नसतो, म्हणून दगडावर धार लावून देणारा विक्रेताच निवडावा. चांगला वस्तरा, पट्टा आणि दगड मिळून होणारा खर्च सेफ्टी रेझर आणि कित्येक वर्षांची पाती यांच्याहून अधिक होतो. पैसे वाचतील या आशेने वस्तऱ्याकडे वळू नये. धार राखण्याची आवड असेल तरच वळावे.

वाशिष्ठीकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्वचा ताणण्याचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. सध्या सेफ्टी रेझर घेण्याचे ठरवले आहे. कोणता घ्यावा, सुरुवात कशी करावी, आणि वापरलेल्या पात्यांचे काय करावे? कामानिमित्त विमानप्रवासही होतो.

सहाण:

पहिला रेझर सौम्य असावा, म्हणजे पात्याची धार पट्टीबाहेर कमी डोकावणारी आणि पट्टी दातेरी नव्हे तर सलग. जर्मन बनावटीचे मर्कूर ३४सी किंवा म्यूले आर८९ या जातीचे आहेत. म्यूलेचाच आर४१ मात्र अतिशय उग्र आहे, तो टाळा. देशी पितळी रेझरही चांगले मिळतात. पात्यांच्या बाबतीत एकाच प्रकाराचा मोठा डबा घेऊ नका, निरनिराळ्या प्रकारांची एकेक पुडी आणून पाहा, कारण एकाला मानवलेले पाते दुसऱ्याला झोंबते. जपानी फेदर फार तीक्ष्ण असते, ते नंतरसाठी ठेवा.

आधी दोन दिवस दाढी वाढवून गळ्यावर बोट फिरवून पाहा. ज्या दिशेने बोट अडत नाही ती केसांची सुलट दिशा. भोवऱ्याभोवती ती बोटभर अंतरावर बदलेल, तेवढा नकाशा डोक्यात पक्का करा. अंघोळीनंतर किंवा दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवल्यावर ब्रशने ओला, दाट फेस करा. कोरड्या फेसावर पाते अडखळते. दांडा त्वचेशी साधारण ३० अंशांत धरून रेझर त्याच्या वजनानेच सरकू द्या. कार्ट्रिजमुळे दाबायची सवय लागलेली असते, ती सोडणे हाच सगळ्यांत अवघड भाग आहे. गालांवर सुलट आणि मग आडवा असे दोन हात चालतील, पण गळ्यावर पहिला महिनाभर फक्त सुलट. शेवटी थंड पाणी, आणि हवी तर तुरटी फिरवून धुऊन टाका.

विमानात पाती हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. ती नोंदणीच्या सामानात टाका. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कारण कचरा वेचणाऱ्यांचे हात त्यात जातात. दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि पाती त्यात साठवा. डबा भरला की न उघडता तसाच भंगारवाल्याकडे द्या आणि आत काय आहे ते त्याला सांगा.