विषय: गणेशोत्सवाची तिकिटं आणि अडकणारी वेबसाइट

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
शनिवारी सकाळी दहाला तिकीटविक्री सुरू होते. गेल्या वर्षी विक्री सुरू झाल्यावर साइट उघडता उघडेना आणि सभासदांनी थेट फोन करायला सुरुवात केली. होस्टिंग कंपनी मोठा सर्व्हर घ्या म्हणते. खर्च कार्यकारिणीपुढे ठेवू का?

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, एवढ्यात ठेवू नका.
आपली साइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. कोणी मुखपृष्ठ उघडलं की सर्व्हरवर पीएचपी भाषेतला प्रोग्राम चालतो, डेटाबेसला कित्येक क्वेरी (माहितीच्या मागण्या) जातात, मग पान तयार होतं. पुढच्या माणसासाठी तेच सगळं पहिल्यापासून. पंगतीत दर पानासाठी वेगळा भात चढवावा, तसं चाललंय. पेज कॅश सुरू केलं की तयार पान (एचटीएमएल) साठवलं जातं आणि पुढच्यांना तेच मिळतं. डेटाबेसला हात लागत नाही.

मात्र कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही पानं कॅशमधून वगळायलाच हवीत, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. लॉगिन केलेल्यांनाही सहसा साठवलेलं पान देत नाहीत, आणि शनिवारी सवलतीसाठी बहुतेक सभासद लॉगिन करूनच येणार. खरा भार तिथे आहे. त्यासाठी रेडिस नावाचं साधन हवं, म्हणजे त्याच त्या क्वेरींची उत्तरं मेमरीतून मिळतील.

शिवाय काढून टाकलेल्या प्लगिनांच्या (साइटला जोडलेल्या जादा सोयींच्या) सेटिंग्ज डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात तशाच पडून आहेत. त्यातल्या 'ऑटोलोड' नोंदी दर पानाबरोबर वाचल्या जातात. त्यांची बेरीज 800 केबीच्या वर गेली की वर्डप्रेस 6.6 पासून 'साइट हेल्थ' या तपासणीच्या पानावर इशारा दिसतो. आपल्याकडे तो दिसतोय. बॅकअप घेऊन आधी ही साफसफाई करू.

वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळची कामं करणारी यंत्रणा, हीही लोकांच्या भेटींवरच चालते. ऐन गर्दीत वार्तापत्राच्या ईमेल सुटायला नकोत, म्हणून ती बंद करून ही कामं सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनवर टाकू.

प्रेषक: एक सभासद

छान समजावलंत. पण ढोलपथकाच्या फोटोंचं काय? आमचे आईबाबा पुण्याहून ते पान उघडतात, फोटो यायला फार वेळ लागतो. सर्व्हर आपला युरोपात.

प्रेषक: वेबसाइट समिती

दादा, बरोबर. त्या गॅलरीत मूळ आकाराचेच फोटो लावलेत. वर्डप्रेस स्वतः लहान आकार बनवतं, ते वापरू आणि फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलू, वर्डप्रेस 5.8 पासून ते चालतं. सीडीएन, म्हणजे जागोजागी प्रती ठेवणारं सर्व्हरांचं जाळं, लावलं तर फोटोंच्या प्रती भारतातल्याच सर्व्हरवरून मिळतील. खालचे फोटो लेझी लोड होऊ देत (तिथवर गेल्यावरच उतरू देत), पण वरचा गणपतीचा मोठा फोटो नाही. पानातला सर्वांत मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे, आणि आपल्याकडे तो भाग म्हणजे हाच फोटो.

फॉन्टही बघायला हवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, आणि आपण एकाच फॉन्टची सगळी वजनं (बारीक-जाड प्रकार) मागवतोय. साधं आणि ठळक पुरे.

मोठा सर्व्हर घेतला असता, तरी फोटो आणि फॉन्टचं हे काहीच सुटलं नसतं.

प्रेषक: सचिव

ठीक, सर्व्हरचा खर्च तूर्त थांबवते. गुरुवारी रात्री चाचणी करू. लॉगिन करून तिकीट कार्टमध्ये टाकून बघायला वीसेक जण हवेत. ज्यांना जमेल त्यांनी इथेच कळवा. बुधवार संध्याकाळपासून कोणीही साइटवर नवे फोटो किंवा लेख चढवू नका, ही विनंती.