शैक्षणिक धोरण ठरवताना लोकांचे म्हणणे नेमके कुठे जाते?

पायवाट (प्रश्न):
मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मंजूर झाले, तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायती, 6,600 गट (ब्लॉक) आणि 676 जिल्ह्यांतून आलेल्या दोन लाखांहून अधिक सूचना विचारात घेतल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. 2015 साली ही विचारणा झाली तेव्हा मी गावातच होतो. तरी आमच्या गावाने काय कळवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे मला आजवर समजलेले नाही. पुढच्या पिढीचे शिक्षण ठरवताना ऊसतोड मजूर, भटके-विमुक्त, दिव्यांग मुलांचे पालक आणि स्वतः विद्यार्थी यांचे म्हणणे घ्यायचेच असेल, तर ते कोणत्या टप्प्यावर आणि कशा रीतीने घ्यावे? जाणकारांनी आणि विशेषतः त्या कामात असलेल्यांनी सांगावे.

खडूफळा:
त्या विचारणेच्या वेळी मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, होतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते फारसे भूषणावह नाही. शालेय शिक्षणाचे 13 विषय वरून ठरून आले होते आणि त्या चौकटीत गावाचे मत बसवून ते ऑनलाइन भरायचे होते. एका गावातील बैठकीत एक बाई उठून म्हणाल्या की, शाळा पाचला सुटते आणि एसटी साडेसातला येते; पोरगी अंधारात फाट्यावर उभी राहते म्हणून आम्ही तिचे नाव काढले. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "साहेब, हे कशात घालू?" एसटीच्या वेळेसाठी रकाना नव्हता. मी त्यांना मुलींच्या शिक्षणाबाबत 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव' असे लिहायला सांगितले. रेंज पाण्याच्या टाकीजवळच येत असे, तिथे उभे राहून त्यांनी ते भरले. म्हणजे बाईंनी व्यवस्थेविषयी केलेली तक्रार वर पोहोचेपर्यंत बाईंचाच दोष ठरली, आणि तो बदल दिल्लीतल्या कोणी नव्हे, मी केला होता.

जुनी_दप्तरे:
खडूफळा यांचा प्रांजळपणा आवडला, पण सगळा दोष रकान्यांवर टाकणे मला पटत नाही. 1882 साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले, तेव्हा त्यांनी आयोगाची चौकटच मोडून काढली. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. त्यापुढे जाऊन निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि खेड्यातील शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेती आणि आरोग्य शिकवावे, असे त्यांनी मांडले. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री डॉक्टर आणि शाळा तपासणाऱ्या स्त्रिया यांची मागणी केली. विचारणारे सरकार परके होते आणि साक्षीदार मोजके होते, तरीही काय हवे ते त्या साक्षींत स्पष्ट आहे. अर्थात, स्पष्ट सांगितले म्हणून ते ऐकले गेले असे नाही: सक्तीच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा अमलात यायला 1 एप्रिल 2010 उजाडले.

उलट 2019 चे उदाहरण पाहा. याच राष्ट्रीय धोरणाचा 484 पानांचा मसुदा 31 मे रोजी खुला झाला, तोही आधी इंग्रजी व हिंदीत. बिगरहिंदी राज्यांतील हिंदीविषयीच्या तरतुदीवर तमिळनाडूत गदारोळ उठताच ती तरतूद तीन-चार दिवसांत बदलली गेली. आपल्याकडे 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आधी निघाला, विरोधानंतर 29 जूनला तो मागे घेतल्याची घोषणा झाली आणि मग लोकांचे म्हणणे ऐकणारी समिती नेमली गेली. संघटित आवाज तीन दिवसांत पोहोचतो, फाट्यावरच्या मुलीचा मात्र पोहोचत नाही. त्यामुळे किती जणांना विचारले या आकड्याला मी फार किंमत देत नाही.

फडावरची_शाळा:
शिक्षक म्हणून एकच मुद्दा मांडतो, तो तारखांचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात आणि शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. केंद्राच्या नमुना नियमांत तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार करायला सांगितले आहे. त्या वेळी आमच्या वस्तीवर म्हातारी माणसे आणि कुलपे असतात, कारण ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास कारखान्याला गेलेल्या असतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेचीही तीच गत. गावी मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह कुठे हवे, कोणत्या महिन्यात सुरू व्हावे आणि आजी नसलेल्या मुलाला रात्री कोण सांभाळणार, हे ज्यांना ठाऊक आहे ते त्या दिवशी फडात मोळ्या बांधत असतात. त्यांना कायद्याने जागा दिली, कॅलेंडरने ती काढून घेतली. राष्ट्रीय धोरणाची विचारणा तर फारच पुढची गोष्ट.

पायवाट:
सर्वांचे आभार. जुनी_दप्तरे यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. फुल्यांसारखा साक्षीदार प्रत्येक तालुक्याला मिळत नाही, म्हणून सामान्य माणसाचे वाक्य तो बोलला तसेच लिहून घेणारा माणूस लागतो. आमच्या समितीची बैठक आम्ही दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, रात्री आठनंतर वस्तीवरच घेणार आहोत. इतिवृत्त जसेच्या तसे लिहायचे, बैठक संपताना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्याची एक प्रत पोच घेऊन गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यायची, असे ठरले आहे. खडूफळा, ते इतिवृत्त लिहायला तुम्ही याल का?